लहान छायाचित्र मोठे करताना



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावला म्हणजे तो महागाई, बोनस आणि संप यांपलीकडे जाणार नाही, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती फारशी चुकीचीही नसते. तेव्हा पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘लहान छायाचित्र मोठे करताना’ हा विषय वाचून काहींना छापखान्याची चूक वाटली असेल. छापखाना निर्दोष आहे. विषय मीच मागून घेतला.

त्याचे कारण असे. गेल्या काही वर्षांत संघटनेच्या कचेरीत येणारे कागद कमी झाले आणि चित्रे वाढली. अपघाताचा पुरावा मोबाइलवरच्या चित्राचा, फाटकावरच्या बाचाबाचीचा पुरावा कॅमेऱ्याच्या चित्रफितीचा, पगाराची पावतीसुद्धा कागदावरून टिपलेल्या चित्राची. यांतली बहुतेक चित्रे लहान आणि पुसट असतात. मग कोणी तरी म्हणतो, “जरा मोठे करून आणा, पण बिघडू देऊ नका.” हे वाक्य फ्लेक्सवाल्याच्या दुकानापासून न्यायालयाच्या आवारापर्यंत सर्वत्र ऐकू येते. या मागणीतली किती पुरवता येण्याजोगी आहे आणि किती नाही, एवढाच आज माझा प्रश्न आहे. मी महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते गरजेपोटी, पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून शिकलो. म्हणून जे मला समजले तेच, आणि मला समजले त्याच भाषेत सांगणार आहे.

प्रथम डिजिटल चित्र म्हणजे काय ते पाहू. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श नावाच्या संशोधकाने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र यंत्रात घातले. छायाचित्र पाच सेंटिमीटर चौरसाचे. यंत्राने त्याचे आडवे १७६ आणि उभे १७६ भाग पाडले, म्हणजे एकंदर ३०,९७६ चौकोनी ठिपके. या ठिपक्यालाच आपण पिक्सेल म्हणतो. आजच्या साध्या मोबाइलच्या चित्रात असे एक कोटीहून अधिक ठिपके असतात. पण तत्त्व तेच. प्रत्येक ठिपक्याला त्याच्या उजेडाचा आणि रंगाचा आकडा, आणि त्या आकड्यांचा एक मोठा तक्ता. आपल्या घरच्या बायका अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात, ती डोळ्यांपुढे आणा. ठिपके आधी घातलेले असतात. दोन ठिपक्यांच्या मधली जमीन मात्र कोरीच असते.

आता हे चित्र दुप्पट मोठे करा म्हटले म्हणजे काय होते? ठिपके दूर सरकतात आणि मधल्या जागा रिकाम्या पडतात. त्या भरावयाच्या कशाने? एक मार्ग असा की शेजारच्या ठिपक्याचाच आकडा पुन्हा लिहावा. त्याने चित्र फरशी बसवल्यासारखे चौकोनी दिसते. दुसरा मार्ग सरासरीचा. एका बाजूस ४० आणि दुसऱ्या बाजूस ८० असेल तर मध्ये ६० लिहावे. यात चौफेर चार शेजाऱ्यांचा सल्ला घेतला जातो. तिसऱ्या मार्गात चारांऐवजी सोळा शेजारी विचारात घेऊन वळणदार हिशेब करतात. रॉबर्ट कीज यांचा या पद्धतीवरचा निबंध १९८१ सालचा आहे, आणि संगणकावर चित्रे हाताळणाऱ्यांच्या ती आजही रोजच्या वापरात आहे. चित्र गुळगुळीत होते, डोळ्याला बरे वाटते. पण मूळ वस्तूत त्या जागी ६० च होते कशावरून? तिथे मिशीचा एक काळा केस असेल, चष्म्याची काडी असेल, किंवा एखाद्या आकड्याचे शेपूट असेल. शेजाऱ्यांना विचारून घरातल्या माणसाची उंची कळत नाही.

हे मला पगारपत्रकावरून उत्तम समजले. समजा, एका खात्यात दहा माणसे आहेत आणि त्यांचा सरासरी पगार वीस हजार आहे. एवढ्यावरून कोणाचा पगार किती ते सांगता येईल काय? दहाही जणांना वीस-वीस हजार मिळत असतील. किंवा नऊ जणांना दहा-दहा हजार आणि साहेबाला एक लाख दहा हजार मिळत असतील. सरासरी दोन्हीकडे तीच. चित्र लहान करणे म्हणजे अनेक ठिपक्यांची सरासरी काढून एक ठिपका ठेवणे. सरासरी काढताना भेद पुसले जातात; आणि एकदा पुसले की सरासरीकडे पाहून ते परत काढता येत नाहीत. असंख्य निरनिराळी मोठी चित्रे लहान केल्यावर एकच लहान चित्र बनते. त्या लहान चित्रावरून यांतले मूळ कोणते, हे विचारणे म्हणजे सरासरीला पगार विचारणे. माझ्या आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे.

यावर आपण म्हणाल, मग मोठे करणे सोडूनच द्यावयाचे काय? मुळीच नाही. पुष्कळदा काम सरळ मार्गाने होते, आणि ते सरळ मार्ग लोकांना माहीत नसतात म्हणून ते आधी सांगतो.

पहिली गोष्ट अंतराची. माणसाच्या निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसण्याची एक मर्यादा आहे. हातभर अंतरावरच्या कागदावर इंचाला सुमारे ३०० ठिपके असले की डोळा ते वेगळे मोजू शकत नाही. छापखानेवाले ३०० चा आग्रह धरतात तो यामुळे. पण अंतर वाढले की गरज त्याच प्रमाणात घटते. मी आमच्या कार्यकर्त्यांना सोपा हिशेब दिला आहे: तीनशेला अंतराच्या फुटांनी भागा. एका फुटावर ३००, दहा फुटांवर ३०, तीस फुटांवर १०. आता दहा फूट रुंदीचा फलक चौकात तीस फुटांवरून पाहिला जाणार असेल, तर १२० इंच गुणिले १० म्हणजे रुंदीत १,२०० ठिपके पुरेत. साध्या मोबाइलच्या चित्रात याहून कितीतरी अधिक असतात. तेव्हा फलकावर पुढारी पुसट दिसत असेल तर दोष बहुधा ठिपक्यांचा नसून मूळ चित्राचा असतो. पुढाऱ्याविषयी मी बोलत नाही.

दुसरी गोष्ट मूळ प्रत शोधण्याची. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेले चित्र वाटेत लहान होते आणि दाबले जाते. दाबण्याची प्रचलित रीत चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे तुकडे करून प्रत्येकातला बारकावा कमी करते. म्हणून पुष्कळदा दाबलेल्या चित्रात चौकटी आणि अक्षरांभोवती मुंग्या आल्यासारखे डाग दिसतात. अशी पाचव्या हातातली प्रत मोठी केली की डागही मोठे होतात. त्यासाठी ज्याने चित्र काढले त्याच्याकडे जा, आणि ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मग ते होते तसे येते. कागदावरचे छायाचित्र असेल तर मोबाइलने त्याचे चित्र काढू नका, स्कॅन करा. निगेटिव्ह सापडली तर सोन्याहून पिवळे. आणि मोठे करावयाचे ते मुळावरून एकदाच करा. थोडे मोठे करून, साठवून, पुन्हा थोडे मोठे करून, असे जिने चढू नका. प्रत्येक पायरीवर काही तरी सांडते.

तिसरी गोष्ट अक्षरांची आणि बोधचिन्हांची. संघटनेचे चिन्ह जुन्या पत्रावरून टिपून मोठे करीत बसण्यापेक्षा ते एकदा रेषांनी नव्याने आखून घ्यावे. रेषांचे चित्र ठिपक्यांत साठवले जात नाही. ‘येथून येथवर अशी वळणाची रेघ’ असा त्याचा हुकूम साठवला जातो. तो हुकूम बोटाएवढ्या बिल्ल्यावर चालतो आणि भिंतीएवढ्या पडद्यावरही चालतो. मजकुराचेही तेच. अक्षरांचे चित्र मोठे करण्यापेक्षा अक्षरे पुन्हा जुळवावीत. अर्थात ती वाचता येत असतील तर.

चौथा मार्ग मला सर्वांत आवडतो, आणि त्याचे कारण आपण ओळखाल. एकच पुसट चित्र असेल तर उपाय खुंटतो. पण त्याच वस्तूची दहा पुसट चित्रे असतील आणि प्रत्येक चित्र किंचित सरकलेले असेल, तर प्रत्येकाने निरनिराळ्या जागेचे ठिपके टिपलेले असतात. ती नीट जुळवून एकावर एक बसवली की मधल्या रिकाम्या जागा खऱ्या मोजमापांनी भरतात. १९८४ साली त्साई आणि हुआंग यांनी याचे गणित मांडले. १९९५ साली हबल दुर्बिणीने आकाशाच्या एका लहानशा तुकड्याची जी शेकडो छायाचित्रे घेतली, ती अशाच एका रीतीने एकत्र केली गेली. २०१८ साली गूगलच्या एका मोबाइलमध्ये तर धरणाऱ्याच्या हाताच्या स्वाभाविक कंपाचाच उपयोग करून घेतला. हात हलतो म्हणून प्रत्येक चित्र थोडे वेगळे येते, आणि तेच कामाला येते. येथे जो बारकावा मिळतो तो साक्षीदारांकडून मिळालेला असतो. एकट्याची साक्ष अपुरी, पण दहांची एकत्र आली की पुरी, हे कामगारांना नव्याने सांगावयास नको.

आता नव्या यंत्राकडे वळतो. कारण बहुतेकांनी ‘बिघडू न देता मोठे करणारे’ म्हणून ज्याची जाहिरात पाहिली आहे ते हेच. २०१४ साली हाँगकाँगमधील संशोधकांनी शिकणाऱ्या यंत्राकडून हे काम करून दाखवले. रीत समजण्यासारखी आहे. यंत्राला असंख्य चांगली चित्रे द्यावयाची, आणि त्यांच्याच लहान केलेल्या प्रती. ‘लहानावरून मोठे ओळख’ असा अभ्यास लाखो वेळा करून घ्यावयाचा. मग यंत्राला सवय लागते: अशा डागाच्या जागी बहुधा पापणी असते, अशा पट्ट्यांच्या जागी बहुधा विणलेले कापड असते. पुढे आणखी एक युक्ती आली. एक यंत्र चित्र बनवते आणि दुसरे यंत्र ‘हे खरे की बनावट’ असे तपासते. पहिले दुसऱ्याला फसवू लागेपर्यंत दोघांची झटापट चालू ठेवतात. निष्पन्न होणारे चित्र खरोखर मोहक असते. त्वचेवर रंध्रे दिसतात, केसाला केस वेगळा दिसतो.

पण तो केस कोणाचा? तो सवयीचा. यंत्राने पाहिलेल्या हजारो डोक्यांवरच्या केसांचा तो सारांश आहे. समोरच्या माणसाच्या डोक्यावर तो होता याला कसलाही आधार नाही. आणि येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. २०१८ साली इस्रायलमधील ब्लाउ आणि मिखाएली या दोन संशोधकांनी गणिताने सिद्ध केले की एका मर्यादेपलीकडे चित्र अधिक अस्सल दिसावे असा प्रयत्न केला, तर ते मुळापासून दूर सरकण्याची किंमत द्यावी लागते. अस्सल दिसणे आणि मुळाला धरून असणे, या दोन गोष्टी काही अंतर जोडीने चालतात आणि पुढे वाट फुटते. बाजार अर्थातच दिसण्याच्या वाटेने जातो.

वाट फुटल्यावर काय होते त्याची दोन उदाहरणे सांगतो. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातून एक यंत्ररचना प्रसिद्ध झाली. ती १६ गुणिले १६ म्हणजे केवळ २५६ ठिपक्यांच्या चेहऱ्यावरून १,०२४ गुणिले १,०२४ ठिपक्यांचा चेहरा बनवी. हिशेब करा: खऱ्या एका ठिपक्यामागे ४,०९६ ठिपके उभे केले. कोणी तरी तिला माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे पुसट चित्र दिले, आणि उत्तरादाखल एका गोऱ्या गृहस्थाचा स्वच्छ, रेखीव चेहरा आला. यंत्राने ज्या चेहऱ्यांवर अभ्यास केला होता त्यांत गोऱ्यांचा भरणा अधिक होता. विशेष हे की तो गोरा चेहरा लहान केला तर त्याच पुसट चित्राशी जुळतो. गणिताच्या दृष्टीने यंत्र चुकले नव्हते. त्याने सरासरीला जुळणारा एक पगार सांगितला होता, इतकेच. रचनाकर्त्यांनीही स्पष्ट केले होते की याचा उपयोग माणूस ओळखण्यासाठी करता येणार नाही.

दुसरे उदाहरण मोठे करण्याचे नाही, पण त्याच घराण्यातले आहे. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आले की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतून इमारतीचा नकाशा स्कॅन केला असता खोल्यांची क्षेत्रफळे बदलतात. २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर असलेल्या खोल्या १४.१३ च्या झाल्या. कारण असे की जागा वाचवण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या खुणा एकदाच साठवी आणि तीच खूण इतरत्र चिकटवी. आकडे पुसट झाले असते तर वाचणारा सावध झाला असता. ते ठळक होते आणि चुकीचे होते. पुढे कंपनीने दुरुस्ती पुरवली. पण मित्रहो, ज्या यंत्राच्या नावावरून आपण ‘खरी नक्कल’ या अर्थाचा शब्दच मराठीत रूढ केला, त्यानेही आकडा बदलावा, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पगाराच्या पावतीवरचा तीन हा आठ झाला, किंवा देवनागरी अंक फारसे न पाहिलेल्या यंत्राने आपला ‘१’ आणि ‘९’ यांच्यामधले काही तरी बनवले, तर घरभाड्यापासून ग्रॅच्युइटीपर्यंत हिशेब कोठे जाईल याची कल्पना करा.

आता हा प्रश्न माणसाच्या पोटावर कसा येतो ते सांगतो. एका कारखान्यात रात्रपाळीच्या दगडफेकीचा आरोप एका कामगारावर ठेवला गेला. खातेअंतर्गत चौकशीत पानभर छापलेला चेहरा पुढे आला. स्वच्छ आणि ओळखता येण्याजोगा. आम्ही मूळ चित्रफीत मागितली. त्यात त्या चेहऱ्याची रुंदी होती १८ ठिपक्यांची, आणि छापलेल्या चेहऱ्याची १,८०० ठिपक्यांची. लांबीत शंभरपट, म्हणजे क्षेत्रफळात दहा हजारपट. दहा हजारांतले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव ठिपके यंत्राचे, एक त्या रात्रीचा. चौकशी अधिकाऱ्यांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली आणि छापील चेहरा पुराव्यातून काढला. त्यानंतर तो आरोप टिकला नाही. तो कामगार त्या रात्री तेथे नव्हताच, असे त्या १८ ठिपक्यांनी सिद्ध केले नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो. त्यांनी एवढेच सांगितले की आम्हांला माहीत नाही. पण ‘माहीत नाही’ याचे ‘माहीत आहे’ करून कोणाची भाकरी काढता येत नाही.

हा नियम दोन्ही बाजूंना सारखा लागतो. २०२४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्याच बाजूने अशा यंत्राने सुधारलेली चित्रफीत पुढे केली होती. न्यायाधीशांनी ती नाकारली. कारण हे यंत्र आत काय करते ते उघड नाही, आणि चित्रफितींची शास्त्रीय तपासणी करणाऱ्या जाणकारांत ही रीत मान्य झालेली नाही. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला आहे. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावयाचे, त्यात फाइलीचा ‘हॅश’ नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे त्या फाइलीच्या अंगठ्याचा ठसा समजा. चित्रातला एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. खातेअंतर्गत चौकशीला साक्ष्याचा कायदा काटेकोरपणे लागत नाही, हे खरे. पण नैसर्गिक न्याय लागतो, आणि आपल्याविरुद्धचा पुरावा मूळ रूपात पाहावयास मागणे हा त्याचा पहिला धडा आहे.

आता एक हळवी बाजू. कामगार वारला की घरची मंडळी भिंतीवर लावण्यासाठी छायाचित्र शोधू लागतात. पुष्कळांचे वेगळे छायाचित्रच नसते. असतो तो स्नेहसंमेलनातला समूहफोटो, तोही कोणाच्या तरी मोबाइलवर आलेला. समजा तो १,६०० ठिपक्यांचा आणि एका रांगेत वीस माणसे. माणशी ८० ठिपके आले, त्यांतले चेहऱ्याचे ५०. बारा इंचांच्या चौकटीत ते पसरले तर इंचाला जेमतेम चार. आपल्या भागाकाराप्रमाणे पंचाहत्तर फुटांवरून पाहावे लागेल. एवढी लांब खोली कामगाराच्या घरात नसते. आमच्या एका सभासदाच्या बाबतीत दुकानदाराने यंत्राकडून चेहरा ‘सुधारून’ दिला. तजेलदार, गोंडस चित्र. त्याच्या पत्नीने ते हातात घेतले आणि म्हणाली, “फोटो छान आहे हो, पण हे ते नव्हेत.” डाव्या भुवईवर लहानपणची खोक होती, यंत्राने ती मळ समजून पुसली होती. मग नोकरीच्या जुन्या अर्जाला लावलेले, निगेटिव्हवरून केलेले पारपत्राच्या आकाराचे छायाचित्र सापडले. ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचे ते चित्र इंचाला ६०० ठिपके धरून स्कॅन केले तेव्हा ८२७ गुणिले १,०६३ ठिपके मिळाले. पंधरा इंच उंचीच्या चौकटीत इंचाला सत्तर. चार फुटांवरून पाहावयास पुरेसे. थोडे मऊ आले, पण खोक होती.

याचा अर्थ नवे यंत्र वापरूच नये असा नाही. गावाच्या जत्रेचे चित्र, पुस्तकाचे मुखपृष्ठ, जुन्या वाड्याचे दृश्य शोभेसाठी मोठे करावयाचे असेल तर खुशाल वापरावे, आणि खाली तसे लिहावे. जेथे माणूस ओळखावयाचा आहे, आकडा वाचावयाचा आहे, किंवा कोणावर ठपका ठेवावयाचा आहे, तेथे मात्र मूळ चित्र शेजारी असल्याशिवाय मोठे चित्र स्वीकारू नये. मूळ फाइल कधीही पुसू नये. आणि मोठे करून देणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत: मुळात ठिपके किती होते, आणि बाकीचे कोठून आणले? पहिल्याचे उत्तर आकड्यात देता येते. दुसऱ्याचे देता येत नसेल, तर त्या चित्रावर सही करू नये.

आपण पैसे घेऊन पावती घेतो, वजन करताना काटा पाहतो, पगार मोजून घेतो. चित्रही मोजून घेण्याची वस्तू झाली आहे, एवढेच मला आज सांगावयाचे होते. तीनशेला फुटांनी भागण्याचा हिशेब तरी आपण घरी घेऊन जाल, अशी आशा आहे.